पलटणीतून सिव्हिलमध्ये: डीजीआर, सैनिक बोर्ड आणि १४४१६ किती कामाचे?

मत आधी, तपशील नंतर. फौजेतून बाहेर पडणाऱ्या माणसासाठी सरकारच्या तीन सेवा आहेत. पुनर्वसन महासंचालनालय म्हणजे डीजीआर सुटण्याआधी प्रशिक्षण देतं. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय, ज्याला सगळे सैनिक बोर्ड म्हणतात, सुटल्यावर नोंदणी करतं. आणि जीव घाबरा होतो, झोप लागत नाही, तेव्हा टेली मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा फोन आहे. पहिली सेवा चांगली आहे, पण वेळेत मागितली तरच. दुसरी कागदपत्रांसाठी टाळता येत नाही, मात्र नोकरीसाठी तिच्यावरच विसंबून राहू नये. तिसरी सुरुवातीला उत्तम आहे, लांबच्या उपचाराला पुरी पडत नाही. या तिघांची एकमेकांशी गाठ नाही. बोर्डात रात्री झोप लागते का हे कुणी विचारत नाही, आणि फोनवरच्या समुपदेशकाला एनओसी, म्हणजे दुसरीकडे अर्ज करायला लागणारं ना-हरकत प्रमाणपत्र, अडकली म्हणजे घरात काय होतं हे ठाऊक असेलच असं नाही. म्हणून इथे नोकरी आणि घालमेल दोन्हींचा विचार एकत्रच केला आहे.

दरवर्षी साधारण साठ हजार जण सैन्यदलांतून निवृत्त होतात. त्यातला जवान बहुतेक वेळा ३५ ते ४० वर्षांचा असतो. मुलं शाळेत, घराचा हप्ता चालू, आणि पेन्शन शेवटच्या पगाराच्या निम्मी. या वयात सिव्हिलची पहिली नोकरी शोधायची म्हणजे काळजी वाटणारच. ती किती वाढेल हे बऱ्याच अंशी सुटण्याआधीच्या बारा महिन्यांवर ठरतं, म्हणून आधी त्या वर्षाबद्दल.

सगळ्यात जास्त माणसं अडतात ती नावात. आधारवर वडिलांचं नाव पूर्ण, सर्व्हिसच्या रेकॉर्डवर फक्त आद्याक्षर. पत्नीचं नाव एका ठिकाणी माहेरचं, दुसऱ्या ठिकाणी सासरचं. मुलीची जन्मतारीख शाळेच्या दाखल्यावर एक, रेकॉर्डवर दुसरी. पलटणीत असताना ही दुरुस्ती पार्ट टू ऑर्डर, म्हणजे रेकॉर्डमधल्या बदलाचा युनिटचा आदेश, काढून होते, कारण क्लार्क शेजारच्या खोलीत बसलेला असतो. सुटल्यावर तेच काम प्रतिज्ञापत्र, राजपत्र आणि रेकॉर्ड ऑफिसशी पत्रव्यवहार असं महिनोन्‌महिने लांबतं. तोवर ईसीएचएस या माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं कार्ड, मुलांची शिष्यवृत्ती, भरतीतली कागदपत्र तपासणी सगळं त्या एका अक्षरावर खोळंबतं. एका कोऱ्या कागदावर सहा रकाने आखा: सर्व्हिस रेकॉर्ड, आधार, पॅन, दहावीचं प्रमाणपत्र, बँक पासबुक, पत्नीचं आधार. प्रत्येकातलं नाव आणि जन्मतारीख जशीच्या तशी उतरवून घ्या, इंग्रजी स्पेलिंगसकट. दोन रकान्यांत एका अक्षराचाही फरक दिसला तर सुट्टीवर जाण्याआधी क्लार्कला गाठा.

दुसरं काम डीजीआरच्या कोर्सचं. डीजीआर संरक्षण मंत्रालयाच्या माजी सैनिक कल्याण विभागाखाली येतं आणि तिन्ही दलांचं आहे. त्याची पाच विभागीय संचालनालयं आहेत, त्यातलं दक्षिण विभागाचं पुण्यात आहे. जेसीओ (सुभेदार वगैरे कनिष्ठ अधिकारी) आणि जवानांच्या कोर्सची फी सरकार भरतं, अधिकाऱ्यांना फीचा काही भाग स्वतः द्यावा लागतो. अधिकाऱ्यांसाठी आयआयएमसारख्या संस्थांत २४ आठवड्यांचे व्यवस्थापनाचे कोर्स असतात आणि ते खरोखर दर्जेदार आहेत. जवानांच्या यादीत मात्र फार काळजीपूर्वक निवड करावी लागते. यादी युनिटमध्ये येते, अर्ज युनिटमार्फत वर जातो, जागा मर्यादित असतात. यादी आली की आठवड्याभरात अर्ज गेला पाहिजे. युनिट बाहेर डिप्लॉय असेल तर कागद कंपनी ऑफिसात पडून राहतो, म्हणून अर्ज पुढे गेल्याचा डिस्पॅच नंबर मागून घ्यावा.

निवडताना होणारी चूक ठरलेली आहे: गावाजवळचं केंद्र मिळतंय म्हणून कोर्स घेणं. कुटुंबाची ओढ समजण्यासारखी आहे, पण हे शेवटचे फुकट आठवडे आहेत. कोर्स घेण्याआधी तीन प्रश्न विचारा. प्रमाणपत्रावर एनएसक्यूएफची, म्हणजे राष्ट्रीय कौशल्य पात्रता चौकटीची, पातळी छापलेली असते का? ज्या पदासाठी कोर्स करतोय त्या पदाच्या जाहिरातीत हेच प्रमाणपत्र मागतात का? आणि प्रत्यक्ष काम शिकवतात की फक्त वर्ग? फायर अँड सेफ्टीचं उदाहरण घ्या. नाव भारदस्त असल्यामुळे या कोर्सला कायम गर्दी असते. पण कारखान्यात सेफ्टी ऑफिसर व्हायला कायद्याने ठरवलेली शैक्षणिक पात्रता आणि औद्योगिक सुरक्षेचा मान्यताप्राप्त डिप्लोमा लागतो. काही आठवड्यांच्या कोर्सवर ते पद मिळत नाही, फायरमन किंवा सहायकाचं मिळू शकतं. हे आधी कळलं तर निराशा टळते. याउलट इंजिनिअर्समधला प्लांट ऑपरेटर, ईएमई या दुरुस्ती शाखेचा मेकॅनिक, सिग्नलचा लाइनमन यांनी आपल्याच ट्रेडचं सिव्हिल प्रमाणपत्र घेतलं तर त्यांचा हात आधीच बसलेला असतो, कमी असतो तो कागदच. एमटी म्हणजे फौजेच्या गाड्यांच्या ड्रायव्हरने अवजड वाहनाचा सिव्हिल परवाना सुटण्याआधी हातात घ्यावा. मुलाखतीला गेल्यावर परवाना प्रक्रियेत आहे असं सांगणाऱ्याला कुणी थांबून राहत नाही.

आता सैनिक बोर्ड. डिस्चार्ज बुक, पीपीओ (पेन्शनचा आदेश), आधार, बँक पासबुक, फोटो घेऊन जावं लागतं. महाराष्ट्रात सैनिक कल्याण विभागाचं मुख्य कार्यालय पुण्यात आहे आणि महासैनिक या संकेतस्थळावरही नोंदणी करता येते. इथे मिळतं ते माजी सैनिक ओळखपत्र, जवळजवळ प्रत्येक पुढच्या दाराची किल्ली. पण इथे एक गैरसमज घट्ट बसलेला आहे. ओळखपत्रासाठी नाव नोंदवलं म्हणजे नोकरीसाठीही नोंद झाली, असं बहुतेकांना वाटतं. रोजगारासाठीची नोंद वेगळी असते. ती झाली का, नोंदणी क्रमांक काय आणि नूतनीकरण कधी, हे तीन प्रश्न शब्दशः विचारून वहीत लिहून घ्या. आणि नंतर बोर्डाच्या पत्राची वाट पाहत घरी बसू नका. कार्यालयातली माणसं सहसा आपुलकीने वागतात, अनेक ठिकाणी अधिकारी स्वतः माजी सैनिक असतात. पण नोकऱ्या निर्माण करणं त्यांच्या हातात नाही. मागणी आली तर ते नावं पुढे पाठवतात, एवढंच. सातारा, कोल्हापूर, सांगली, अहिल्यानगर अशा फौजी जिल्ह्यांत नोंदी जास्त आणि मागण्या त्या मानाने थोड्या.

खरी ताकद आहे ती आरक्षणात, आणि त्याचीच माहिती सगळ्यात अर्धवट असते. केंद्र सरकारच्या गट क पदांत माजी सैनिकांना १० टक्के, गट ड मध्ये २० टक्के. सार्वजनिक उपक्रम आणि राष्ट्रीयीकृत बँकांत गट क ला १४.५ आणि गट ड ला २४.५ टक्के, यातले ४.५ टक्के युद्धात अपंगत्व आलेले आणि शहिदांचे अवलंबित यांच्यासाठी. महाराष्ट्र शासनाच्या गट क आणि गट ड मध्ये १५ टक्के समांतर आरक्षण आहे, म्हणजे ते जातीच्या प्रत्येक प्रवर्गाच्या आतच मोजतात. वयाचा हिशेब असा: आजच्या वयातून सेवेची वर्षं वजा करा, उरलेला आकडा पदाच्या कमाल वयापेक्षा ३ वर्षांहून जास्त नसावा. वय ३९, सेवा १७, उरले २२. पदाची मर्यादा २७ असली तरी अर्ज खुशाल करता येतो. हा साधा वजाबाकीचा हिशेब माहीत नसल्यामुळे कितीतरी जण जाहिरातीतली वयाची अट वाचून पान उलटतात. केंद्राच्या भरतीत अर्ज करायला सुटेपर्यंत थांबण्याचीही गरज नाही. मुदत संपायला एक वर्षाच्या आत असेल तर नोकरीत असतानाच अर्ज करता येतो, फक्त एनओसी लागते आणि ती वेळ खाते. जाहिरातीची वाट न पाहता एनओसीचा अर्ज आधीच तयार ठेवावा.

दहावी पास आणि किमान १५ वर्षं सेवा झालेल्याला केंद्राच्या गट क मधल्या राखीव जागांवर, जिथे पदवी मागितली आहे पण तांत्रिक अनुभव आवश्यक नाही, तिथे पात्र धरता येतं. याचं प्रमाणपत्र मिळतं आणि लोक त्याला ग्रॅज्युएशन सर्टिफिकेट म्हणतात. नावामुळे फसगत होते. ही विद्यापीठाची पदवी नाही. एमएला प्रवेश किंवा खासगी कंपनीत पदवीधर म्हणून अर्ज यासाठी ती चालत नाही, आणि प्रत्येक भरती मंडळ ती कुठल्या पदाला धरतं हे जाहिरातीतच पाहावं लागतं. महाराष्ट्रात लिपिक-टंकलेखकाला मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्द प्रति मिनिट टायपिंगचं प्रमाणपत्र लागतं. एसडी क्लार्कचं, म्हणजे फौजेतल्या कार्यालयीन क्लार्कचं, इंग्रजी टायपिंग पक्कं असतं, पण प्रमाणपत्र नसतं. शेवटच्या वर्षात ते काढून टाकावं.

यातली सगळ्यात महागात पडणारी चूक पुढची आहे. गट क किंवा ड मधली पहिली नियमित सरकारी नोकरी आरक्षणातून घेतली की पुढच्या सरकारी नोकरीसाठीचं आरक्षण संपतं. शिपायाची जागा आधी मिळाली म्हणून माणूस रुजू होतो, आणि चार महिन्यांनी बँकेच्या क्लार्कचा निकाल लागतो तेव्हा हात चोळत बसतो. यावर केंद्राच्या कार्मिक विभागाने १४ ऑगस्ट २०१४ च्या आदेशात वाट दिली आहे. पहिल्या नोकरीत रुजू होण्याआधी ज्या ज्या जागांसाठी अर्ज केले, त्यांची तारीखवार यादी स्वयंघोषणापत्र म्हणून रुजू होताच त्या कार्यालयात द्यायची. मग त्या आधीच्या अर्जांना आरक्षण लागू राहतं. यादी साधी असते: जाहिरात क्रमांक, संस्था, पद, अर्जाची तारीख, अर्ज क्रमांक. ती दोन प्रतींत द्या आणि एका प्रतीवर आवक क्रमांक, शिक्का आणि तारीख घ्या. दोन महिन्यांनी दिलेल्या यादीवर वाद होतो, म्हणून रुजू अहवालासोबतच द्यावी. म्हणजेच पहिला अर्ज केल्या दिवसापासून वही ठेवायला हवी. खासगी कंपनीतली किंवा कधीही काढून टाकता येईल अशी कंत्राटी नोकरी केली तर आरक्षण जात नाही, त्यामुळे निकाल येईपर्यंत सिक्युरिटीत काम करायला हरकत नाही.

सिक्युरिटीबद्दल थोडं सविस्तर, कारण दर दहातले बरेच जण तिथेच पहिल्यांदा उभे राहतात. खासगी सुरक्षा एजन्सींच्या २००५ च्या कायद्याखाली नव्या रक्षकाला १०० तास वर्ग आणि ६० तास मैदानी प्रशिक्षण लागतं; माजी सैनिकाला ४० तास वर्ग आणि १६ तास मैदान, किमान ७ कामाचे दिवस, एवढंच पुरतं. पूर्ण कोर्सची फी कुणी मागितली तर हे दाखवा. डीजीआरच्या यादीतल्या एजन्सी केंद्राच्या किमान वेतनावर आधारलेल्या दराने चालतात, आणि त्यातला महागाई भत्ता १ एप्रिल आणि १ ऑक्टोबरला बदलतो. हत्यारी रक्षकाचा दर बिनहत्यारीपेक्षा जास्त असतो. मेस्को म्हणजे महाराष्ट्र माजी सैनिक महामंडळ हाही एक दरवाजा आहे, आणि काही शहरांत १९८१ च्या राज्य कायद्याखालचं सुरक्षा रक्षक मंडळ आहे. एजन्सी कुठलीही असो, पहिल्या महिन्याची पगारपत्रिका हातात घ्या. त्यात पीएफची १२ टक्के कपात दिसते का, ईएसआय (कामगार विमा) लागू असेल तर ०.७५ टक्का, आणि यूएएन हा पीएफचा कायमचा क्रमांक छापलाय का? मग पीएफच्या पासबुकात ती रक्कम खरंच जमा झाली का ते मोबाइलवर पाहा. कपात कागदावर आणि खात्यात शून्य, हा प्रकार पहिल्या दोन महिन्यांतच पकडला पाहिजे. ड्युटी ८ तासांची की १२ ची, आणि वरचे ४ तास ओव्हरटाइमने की असेच, हे नेमणूकपत्रात लिहून घ्यावं. नोकरी लावून देतो म्हणून आधी नोंदणी फी मागणारा एजंट माजी सैनिक असला तरी त्याला पैसे देऊ नयेत. ग्रॅच्युइटी आणि कम्युटेशनची (पेन्शनच्या काही भागाबदल्यात मिळणारी एकरकमी) रक्कम खात्यात आली की असे लोक वास काढत येतात.

बायोडेटा हा या सगळ्या सेवांचा सगळ्यात कच्चा भाग. नमुने मिळतात ते असे: ‘१७ वर्षे सैन्यसेवा, हवालदार, क्यूएम स्टोअर, आज्ञाधारक, कष्टाळू, चारित्र्य अनुकरणीय.’ गोदामाचा मॅनेजर हे वाचून फक्त ‘आज्ञाधारक’ उचलतो आणि हमालाचा पगार सांगतो. तेच असं लिहा: ‘स्टोअर पर्यवेक्षक. १२० जणांच्या तुकडीचा कपडा, रेशन आणि वाहनांचे सुटे भाग यांचा साठा सांभाळला. ४ मदतनिसांकडून आवक-जावक, लेजर आणि तिमाही मोजणी करून घेतली. वार्षिक तपासणीत साठा जुळवून दिला.’ माणूस तोच, काम तेच, पण आता ते समोरच्याला समजतं. आकडे खरेच असावेत, आणि युनिटचं ठिकाण, ऑपरेशन, हत्यारांचा तपशील एकही नको. राष्ट्रीय करिअर सेवा पोर्टलवर २०१५ च्या व्यवसाय वर्गीकरणाप्रमाणे पदनामं असतात. आपल्या ट्रेडच्या जवळचं पदनाम तिथून उचलून बायोडेटाच्या पहिल्या ओळीत घालावं. मुलाखतीत दोन गोष्टी हटकून घडतात. पहिली, उत्तरं अर्ध्या ओळीत संपतात, कारण फौजेत विचारलं तेवढंच बोलायची सवय असते. काय अडचण होती, काय केलं, काय झालं, असं तीन वाक्यांत सांगायचा सराव करा. दुसरी, ‘पेन्शन आहेच ना तुम्हाला, मग एवढा पगार कशाला?’ याला रागावू नये. पगार पदाचा असतो, या पदाला बाजारात अमुक दर आहे, एवढंच शांतपणे सांगावं.

शांतपणे सांगावं असं लिहिणं सोपं आहे. अनेकांना त्या खुर्चीत बसल्यावर घाम फुटतो, छाती धडधडते, आणि वर्षानुवर्षं धोक्यातही न डगमगलेल्या माणसाला ते लाजिरवाणं वाटतं. यात लाजण्यासारखं काहीच नाही. सतत सावध राहण्याचं प्रशिक्षण शरीराला दिलेलं असतं आणि ते डिस्चार्ज बुकाबरोबर जमा होत नाही. दाराकडे तोंड करून बसणं, गर्दीत पाठ भिंतीला लावणं, दिवाळीच्या फटाक्यांनी दचकणं, पहाटे पाचला उठून करायला काही नसणं, वीस वर्षांनी लहान सुपरवायझरने आवाज चढवला की डोक्यात सणक जाणं. यातलं थोडंफार सगळ्यांनाच होतं आणि काही महिन्यांत ओसरतं. दोन आठवड्यांहून जास्त झोप उडाली असेल, जुने प्रसंग डोळ्यांपुढे येणं महिनाभर थांबत नसेल, किंवा घराबाहेर पडणंच बंद झालं असेल, तर मदत घ्यायची वेळ झाली. जीएडी-७ नावाची साधी प्रश्नावली असते. मागच्या दोन आठवड्यांबद्दल ७ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २१. बेरीज १० किंवा जास्त आली तर डॉक्टरांना भेटावं. ही केवळ चाळणी आहे, निदान डॉक्टर करतात.

टेली मानस १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालं. १४४१६ किंवा १-८००-८९१-४४१६, चोवीस तास, फुकट, आणि मराठीत बोलता येतं. १ डिसेंबर २०२३ ला पुण्याच्या सशस्त्र दल वैद्यकीय महाविद्यालयात म्हणजे एएफएमसीत सैन्यदलं आणि त्यांच्या कुटुंबांसाठी टेली मानसचा खास कक्षही सुरू झाला. या सेवेची जमेची बाजू म्हणजे ओळखपत्र, रेफरल, रांग यातलं काही लागत नाही. रात्री दोनला, घरचे झोपलेले असताना, गच्चीवरून फोन करता येतो. फोन करताना मोघम ‘टेन्शन आहे’ म्हणू नका. कधी सुटलात, झोप किती तास, दारू किती, चिडचिड कुणावर निघते, नोकरीचं काय अडलंय, हे पाच मुद्दे चिठ्ठीवर लिहून समोर ठेवा. मर्यादा अशी की दर वेळी तीच व्यक्ती फोनवर येईल याची खात्री नाही, त्यामुळे आठवड्यामागून आठवडा चालणारी थेरपी या फोनवर होत नाही. गरज वाटली तर ते मानसोपचारतज्ज्ञाशी जोडून देतात किंवा जवळच्या सरकारी रुग्णालयाचं नाव सांगतात. तिथपर्यंत जायचं काम आपलं.

पुढची पायरी ईसीएचएस, जी १ एप्रिल २००३ पासून चालू आहे. पॉलिक्लिनिकमधले डॉक्टर रेफरल देतात, मग सैनिकी रुग्णालय किंवा यादीतलं खासगी. पुण्याचं कमांड हॉस्पिटल आणि मुंबईचं अश्विनी इथे मानसोपचार विभाग आहेत, आणि फौजी माणसाला तिथे पलटण म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही, ही मोठीच सोय. अडचण होते ती सुटल्यानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत, कार्ड यायच्या आधी. अर्ज करताच मिळणारी तात्पुरती पावती जपून ठेवा, उपचार तिच्यावर सुरू होतात. पॉलिक्लिनिक लांब असेल तर जिल्हा रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचा कक्ष असतो. सिव्हिलच्या नोकरीत कळेल या भीतीने लोक जात नाहीत. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यातलं कलम २३ रुग्णाला गोपनीयतेचा हक्क देतं, डॉक्टर मालकाला कळवत नाहीत.

गोळ्यांबद्दल एक-दोन गोष्टी माहीत हव्यात. एसएसआरआय या काळजी आणि नैराश्यावर देतात त्या गटातल्या गोळ्यांचा पूर्ण परिणाम दिसायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात, आणि पहिल्या एक-दोन आठवड्यांत बेचैनी थोडी वाढूही शकते. नेमकं तेव्हाच लोक गोळी सोडतात. झोपेच्या आणि लगेच शांत करणाऱ्या गोळ्यांची सवय लागते, त्या थोड्याच दिवसांसाठी असतात. ड्रायव्हर किंवा गनमन असाल तर डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगा, गुंगीचा विचार करून ते औषध निवडतील. घरी परवान्याची बंदूक असेल आणि मनात जगणं नको असे विचार येत असतील, तर ती काही काळ पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करावी. यात कुणाची इज्जत जात नाही. अवघड वेळ अनेकदा काही मिनिटांत किंवा तासांत ओसरते, आणि तेवढा वेळ हत्यार हाताशी नसणं जीव वाचवतं.

घरी करायच्या गोष्टींत श्वासाचा सराव सगळेच सांगतात, पण फौजी माणूस तो पीटीसारखा करतो, छाती फुगवून, जोरात. त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, ओठांना मुंग्या येतात, चक्कर येते, आणि वाटतं की त्रास वाढला. रीत अशी: नाकातून हळूच ४ आकडे मोजत श्वास घ्या, पोट हलू द्या, मग ६ आकडे मोजत सोडा. मिनिटाला ६ श्वास होतात. ५ मिनिटं, दिवसातून दोनदा, आणि तेही शांत असताना. श्वास लांब सोडला की हृदयाचे ठोके मंदावतात, म्हणून सोडणं घेण्यापेक्षा लांब. दोन आठवडे सराव झाला की मुलाखतीच्या बाहेरच्या बाकावर तो उपयोगी पडतो, त्याआधी नाही.

झोपेसाठी उठायची वेळ पक्की ठेवा, झोपायची नाही. वीसेक मिनिटांत डोळा लागला नाही तर पलंगावरून उठा, मंद दिव्यात काहीतरी करा, पेंग आली की परत. दुपारी झोपू नका. कँटीनच्या बाटलीने डोळा लवकर लागतो हे खरं, पण दारू उतरताना रात्रीचा दुसरा अर्धा भाग मोडते, तीनला जाग येते आणि छाती धडधडते. त्या धडधडीला माणूस आजार समजतो आणि दुसऱ्या रात्री एक पेग वाढवतो. रोज बरीच घेणाऱ्याने मात्र एकदम बंद करू नये, डॉक्टरांच्या देखरेखीखाली कमी करावी. एकाएकी सोडल्याने फिट येऊ शकते.

गर्दी टाळणाऱ्याने टाळणं वाढवू नये. एसटी स्टँड जमत नसेल तर आधी सकाळी साडेसहाला रिकाम्या स्टँडवर बसा, मग नऊला, मग बाजाराच्या दिवशी. दर वेळी काळजी निम्मी होईपर्यंत थांबा, साधारण ३० ते ४५ मिनिटं. काळजी शिगेला असताना निघून आलात तर मेंदू एवढंच शिकतो की निघाल्यामुळे वाचलो. भिंतीला पाठ लावून, कानात इअरफोन घालून बसलात तरी फायदा अर्धाच. जुने प्रसंग सतावत असतील तर हे एकट्याने करू नये, थेरपिस्टच्या मदतीने करावं.

अग्निवीरांसाठी वरचं बरंच लागू होत नाही. २०२२ ला सुरू झालेल्या या योजनेत ४ वर्षांनी २५ टक्क्यांपर्यंत कायम होतात, बाकीच्यांना सेवानिधी म्हणजे एकरकमी पैसे मिळतात, पण पेन्शन, ईसीएचएस आणि माजी सैनिक दर्जा नाही. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांत त्यांच्यासाठी वेगळं आरक्षण जाहीर झालं आहे. कौशल्य प्रमाणपत्र आणि १४४१६ या दोन गोष्टी मात्र त्यांनाही तितक्याच कामाच्या.

आणि फोन फौजेतून सुटलेल्या माणसाने स्वतःच करायला हवा असं नाही. १४४१६ वर पत्नी, आई, मोठा मुलगा कुणीही बोलू शकतं: ते झोपत नाहीत, बोलत नाहीत, मुलांवर ओरडतात, आम्ही काय करू? त्यालाही उत्तर मिळतं. नंबर फ्रिजवर किंवा देवघराच्या भिंतीवर चिकटवून ठेवा, त्याच्या फाइलमध्ये नको. ती फाइल तो कुणाला उघडू देत नाही.